झालं का गा?

रुखमाने फोन पायलीला टेकवून उभा केला, पायली सरकू नये म्हणून मागे मिठाचा डबा लावला आणि पडद्यावर धूळ नसतानाही तो पदराने पुसला. शुक्रवारचा हा तिचा नेम होता. पोरगी हर्षा तालुक्याच्या गावी, मूलला, एका कॉम्प्युटर सेंटरवर कामाला होती. तिथल्या वायफायवर ती ‘दूरयान’चा नवा भाग फोनमध्ये उतरवून आणायची, कारण पळसबोडीत नेटवर्क म्हणजे उंबराचं फूल. फोन घेऊन दाराशी उभं राहिलं तर मेसेज ये-जा करतील, तेवढंच. दिवेलागणीला भात-वरण उरकायचं आणि मायलेकींनी चुलीच्या उबेला बसून भाग बघायचा, हे कधी न ठरवता ठरून गेलं होतं.

“सरक वो तिकडं. मले डोंगा दिसून नाई राह्यला.”

डोंगा म्हणजे ते अंतराळयान. पृथ्वी संपली, उरलेली माणसं एका यानात बसून दुसरं घर शोधायला निघाली, अशी ती परदेशी मालिका, हिंदीत डब केलेली. रुखमाचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण त्या मालिकेला तिच्यासारखी भक्त शोधून सापडली नसती. ती मालिका नुसती बघत नसे, तिच्याशी भांडत असे. ‘वरतं हवा नाई म्हणते, अन् त्या बाईचे केस कायनं उडून राह्यले?’ हा तिचा पहिल्याच दिवशीचा सवाल. यानातल्या यंत्रमानवाचं नाव तिने सरपंच ठेवलं होतं, कारण तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि करायचा काहीच नाही. हर्षा हे सारं ‘दूरयान’वाल्यांच्या ग्रुपवर टाकायची. नागपूरची, नाशिकची, कुठकुठली पोरं होती त्यात. भाग संपला रे संपला की कोणीतरी विचारणारच, ‘हर्षा, आई काय म्हणाली?’

आज मात्र आई काहीच म्हणत नव्हती.

यानाला कुठे भोक पडलं, हवा गळायला लागली, की यान आपणहून इशारा द्यायचं. तो इशारा कप्तान ऑर्लनच्या आवाजात असायचा. ‘सब लोग अंदर रहें। दरवाज़े बंद कर लें।’ ऑर्लन स्वतः मागच्याच सीझनमध्ये मेला होता. प्रवासाच्या सुरुवातीला भरून ठेवलेला त्याचा आवाज तेवढा मागे राहिला होता. या भागात यानाला सारखी भोकं पडत होती. आज इथे, उद्या तिथे. एक पोरगा हवेवाचून मरता मरता वाचला. कोणी शत्रू यानात घुसलाय असं सगळ्यांना वाटत होतं. एरवी रुखमाने अर्ध्या भागातच चोर पकडून दिला असता आणि नव्या कप्तानापासून सरपंचापर्यंत सगळ्यांची अक्कल काढली असती. आज ती गुडघ्याभोवती हात घालून बसली होती आणि चुलीतलं लाकूड विझलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

शेवटी चोर सापडला. ती वेरा निघाली, यानाची इंजिनिअर, ऑर्लनची बायको. हातात पाना घेऊन तिने एका झडपेचा नट सैल केला. हवा शीळ घालत बाहेर जाऊ लागली. मग वेराने पाना खाली ठेवला, डोळे मिटले आणि भिंतीला कान लावला. भिंतीतून तिचा नवरा बोलायला लागला. तिथेच भाग संपला.

“येडी हाये का हे बाई?” हर्षा म्हणाली. ग्रुपवर लिहायला तिने फोन उचललाही होता. “नवऱ्याचा आवाज ऐकाले सगळ्यायचा जीव घेन का?”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तिने आईकडे पाहिलं.

“तिले येडी म्हणू नको,” रुखमा म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती उठली, पायली जागच्या जागी ठेवली, मिठाचा डबा फळीवर ठेवला आणि अंथरूण घालायला लागली.

हर्षा फोन घेऊन दाराशी गेली तसा मेसेज येऊन पडला. ‘आई काय म्हणाली?’ तिने अर्धंमुर्धं लिहिलेलं पुसून टाकलं.

*

तिला एवढं चुटपुटायला कारण होतं. वनखात्याने नाल्याच्या काठी खांब रोवला तेव्हापासूनची ती गोष्ट.

खांबावर कॅमेरा बसवला होता आणि तो म्हणे वाघ ओळखायचा. माणूस, डुक्कर, बैल समोरून गेला तर गप्प राहायचा. वाघ दिसला की ग्रामपंचायतीवरचा भोंगा आपोआप वाजायचा. खातं मोठं हुशार, त्यांनी भोंग्यात सायरन भरला. आता सायरन वाजला की शहाण्या माणसाने घरात जावं. पण पळसबोडीने उभ्या जन्मात सायरन ऐकला होता तो अ‍ॅम्ब्युलन्सचा, नाहीतर मंत्र्याच्या गाडीचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा अख्खं गाव पोरंसोरं घेऊन रस्त्यावर आलं, कोण आलं ते बघायला. वाघच त्या गर्दीला बिचकून परतला म्हणून निभावलं.

वनखात्याचा नाकेदार लोकेश मडावी शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचाच पोरगा. तो साहेबांना म्हणाला, यांना माणसाच्या तोंडून सांगितल्याबिगर समजायचं नाही, आणि या गावात ज्याच्या सांगण्यावर लोक हलतात असा आवाज एकच आहे. लहानू कोतवालाचा.

लहानू म्हणजे रुखमाचा नवरा, हर्षाचा बाप. दवंडी देऊन देऊन त्याचा आवाज असा कमावलेला होता की डफडं नसलं तरी चालायचं. पंचायतीच्या खोलीत लोकेशने त्याच्यासमोर माइक धरला आणि लहानू छाती भरून बोलला, “ऐका हो ऐका. वाघ आला हाये नाल्याकडं. कोणी बाहेर निघू नका. लेकरं घरात घ्या. ढोरं बांधा, दारं लावा हो.” मग तो थांबला, खाकरला आणि घरात बोलायच्या साध्या आवाजात म्हणाला, “झालं का गा?”

ते त्याने लोकेशला विचारलं होतं. पण ते कोणी कापलं नाही. कापायचं कसं ते कोणाला येत नव्हतं की कोणाला गरज वाटली नाही, कोण जाणे. तेव्हापासून वाघ आला की भोंगा बोलायचा, गाव दारं लावून घ्यायचं, आणि सगळं बोलून झाल्यावर भोंगा विचारायचा, “झालं का गा?” त्यावर घराघरांत लोक हसायचे. पोरं आतून ओरडायची, ‘झालं, झालं!’ लहानूला याची लाज वाटायची, आणि थोडा मानही.

गेल्या वर्षी धान कापणीला आलं असताना लहानूला वाघाने नेलं. नाल्याकडून नाही, गावाच्या दुसऱ्या अंगाला, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, चांगलं ऊन पडल्यावर. त्या बाजूला खांब नव्हता.

माती झाली त्या दिवशी शेजारची मंगलीबाई रुखमाजवळ येऊन बसली. मंगलीबाई गोंड, तिची रीत वेगळी, तिचे देव वेगळे. ती हळूच म्हणाली,

“वाघानं नेलेला माणूस जात नाई, रुखमाबाई. थो वाघासंगच फिरते. आपल्या माणसाले हाक मारते. हाक आली तं ओ देऊ नोको.”

“आमच्यात तसं नसते, मंगलीबाई,” रुखमा म्हणाली होती. वर भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. लहानू असता तर त्याने मंगलीबाईला बसवून भुताखेतांवर एक भाषणच दिलं असतं.

आणि मग, पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे अजून घरात असतानाच, संध्याकाळी भोंगा बोलला. पंगत बसली होती. लोकांचे हात ताटात तसेच राहिले. भोंग्याने सगळं सांगितलं, लेकरं, ढोरं, दारं, मग खाकरला आणि विचारलं, “झालं का गा?” कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोकेश खाली मान घालून आला. “बाई, आवाज बदलवून टाकतो आमी.”

“राहू द्या,” रुखमा म्हणाली. “लोकं त्याचंच ऐकते.”

केवढं काळीज या बाईचं, असं गाव म्हणालं. हर्षालाही तेव्हा आईचा अभिमान वाटला होता.

*

शनिवारी हर्षा कामावरून आली आणि चहा पिते न पिते तोच भोंगा बोलायला लागला. अलीकडे तो फारच बोलायचा. पूर्वी महिन्यातून कधीतरी, आता आठवड्यात दोनदा, तीनदा. गाव त्रासलं होतं. गेल्या आठवड्यात मंगलीबाईची कालवड वाघाने गोठ्याच्या कुडाला भगदाड पाडून नेली होती, पहिलटकर, गाभण. मंगलीबाई तेव्हापासून कोणाशी नीट बोलत नव्हती.

बापाचा आवाज ऐकला की हर्षा कानांवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जायची. आई त्या वेळी काय करते हे तिने आजवर पाहिलंच नव्हतं. शेळी बांधायला जात असेल असं तिने धरून ठेवलं होतं. आज ती कोपऱ्यात गेली नाही.

रुखमाने हातातलं सूप खाली ठेवलं, केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला आणि दार उघडून ओट्यावर गेली. सगळ्या गावाची दारं धडाधड लागत होती, आणि हिचं उघडत होतं. ती ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिली. भोंगा बोलून संपला. खाकरला.

“झालं का गा?”

“झालं,” रुखमा म्हणाली. बाहेरून आलेल्या माणसाला ताट वाढताना म्हणावं तसं. मग आत आली आणि तिने कडी लावली.

 हर्षाची नजर दाराआडच्या खुराड्याकडे गेली. तांबडा कोंबडा खुराड्यात नव्हता. ठिपक्याची कोंबडी मागेच दिसेनाशी झाली होती. आई म्हणाली होती, मुंगसानं नेली. ‘मुंगूस लय माजलं’ असं ती दर आठवड्याला म्हणत होती.

 हर्षाला वाटलं, मालिका बघून बघून आपलंच डोकं फिरलंय.

रविवारी दुपार कलल्यावर रुखमा घरामागच्या सांदवाडीतून बाहेर पडली. टोपल्यावर फडकं होतं. हर्षा थोडं अंतर ठेवून मागोमाग गेली. धुऱ्यावरून, कापलेल्या बांधीतून, मग नाल्याची उतरण. खांब दिसायला लागला. त्याच्या अलीकडे एक पळसाचं खुंट होतं. रुखमा तिथे बसली, टोपल्यातून एक लहानशी कोंबडी काढली आणि तिचा पाय चिंधीने खुंटाला बांधायला लागली. खुंटाला आधीच्याही चिंध्या होत्या. निळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या. हर्षाने त्या ओळखल्या. अकरावीतली तिची ओढणी होती ती. आजूबाजूला पिसं पडली होती, ताजी, जुनी, चिखलात रुतलेली.

“आई.”

रुखमाने मान वर केली नाही. गाठ पक्की केली, मगच बोलली.

“तू कायले आली इथी? वखत चांगला नाई हा.”

“अन् तू?”

रुखमाने टोपल्यावरचं फडकं झटकलं. कोंबडी पंख आपटत होती.

“मंगलीबाईची कालवड याच्यानंच गेली ना?”

“मी कोंबडी बांधली होती. कालवड नाई बांधली.”

“वाघाले काय समजते हे? इकडं खायाले भेटते, एवढंच समजते त्याले. उद्या माणूस नेईन थो.”

“माणूस कसा नेईन?” रुखमाने आता वर पाहिलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. “तुहा बाप आधी सांगते ना सगळ्यायले. घरात राहा म्हणते. कोणी बाहेर असते का मंग? सांग बरं, कोणी गेलं का आजपावेतो?”

कोणी गेलं नव्हतं. तिच्या बोलण्यात कुठे फट नव्हती, आणि म्हणूनच हर्षाच्या अंगावर काटा आला. आई वेडी झाली असती तर बरं होतं, दवाखान्यात नेता आलं असतं. ही तर भाजी चिरताना बोलते तशी बोलत होती.

“अन् तू? तू तं बाहेर येतं.”

“मी ओट्यावर येते फक्त.”

“थो ओट्यावर नाई येऊ शकत का?”

रुखमा कोंबडीकडे बघत राहिली. या प्रश्नाचा विचार तिने केलेला होता, हे तिच्या तोंडावर दिसलं, आणि त्याची तिला भीती वाटत नव्हती हेही दिसलं. ते हर्षाला सहन झालं नाही. ती खाली बसली.

“आवाजच पायजे तं लोकेशभाऊले मागून मोबाइलमधी घेऊन देते. दिवसभर ऐकत बस.”

“मोबाइलमधला काय करू वो मी? भिंतीवरच्या फोटोसारखा झाला थो. इथी थो कामावर असते. वाघ खरा येते, तवा थो खरा बोलते.” मग गाठ चाचपत, “थो इचारते हर्षा. सगळं गाव ऐकते अन् उत्तर कोणीच देत नाई. त्याले बरं वाटन का?”

हर्षाने चिंधी सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, कोंबडीच्या धडपडीने आणखी आवळली होती. शेवटी तिने ती दातांनी सोडली. आईने अडवलं नाही, मदतही केली नाही. कोंबडी काखेत घेऊन हर्षा पुढे झाली आणि दोघी भराभर गावाकडे चालू लागल्या. बांधी ओलांडल्यावर रुखमा मागून म्हणाली,

“मंगलीबाईले सांगजो नोको.”

*

लोकेश सोमवारी पंचायतीत भेटला. भोंग्याचं यंत्र तिथल्या कपाटात होतं.

“आवाज बदलवा, लोकेशभाऊ.”

“बाईनंच तं राहू द्या म्हटलं होतं.”

“आता मी म्हणून राह्यली.”

लोकेशने कारण विचारलं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. तसाच म्हणाला,

“त्या कॅमेऱ्यात माणसं बी दिसते, हर्षा. वाघाचेच फोटो साहेबाकडं जाते. बाकीचे मी पुसतो.”

हर्षा त्याच्याकडे पाहत राहिली. याला माहीत होतं. कालवड गेली तेव्हाही माहीत होतं.

“मंग बोलले काऊन नाई?”

“कोणाले बोलू? वरतं कळवलं तं बाईवर केस होते. गावाले कळलं तं गाव जगू देईन का? तिले जाऊन सांगू म्हटलं, तं दारापर्यंत गेलो अन् वापस आलो.” त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. “मलेच इचारलं होतं ना त्यानं, झालं का गा म्हणून. मी तोंडानं उत्तर नाई देल्लं. मान हलवली फक्त. म्हणून थे तसंच राह्यलं.”

हर्षाला त्याचा राग आला होता, तो तिथेच विरून गेला. या आवाजासमोर सगळेच गप्प बसले होते, ती स्वतःसुद्धा, कानांवर हात ठेवून.

“नवा आवाज कोणाचा घेऊ?” लोकेशने विचारलं. “सरपंचाचा कोणी ऐकत नाई.”

“माहा घ्या.”

तिने तेच शब्द म्हटले. ऐका हो ऐका. वाघ आला हाये नाल्याकडं. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा ‘लेकरं घरात घ्या’वर अडला. तिसऱ्यांदा नीट झाला. शेवटचा शब्द उच्चारून तिने ओठ घट्ट मिटले आणि लोकेशने यंत्र बंद करेपर्यंत श्वाससुद्धा सोडला नाही.

“आधीचा पुसू का? तुले एक कॉपी देतो पायजे तं.”

कॉपी. हर्षाला ती हवी होती. एवढी हवी होती की हात पुढे गेला होता. पण ती कॉपी घरात कुठेही ठेवली तरी आईला सापडली असती. फोनमधला आवाज आईला नको होता, हे खरं. पण भोंगाच मुका झाल्यावर तिला काय हवंसं वाटेल, याचा काय नेम? घेऊन जाईल फोन नाल्यावर.

“नको,” ती म्हणाली. “पुसा.”

लोकेशचं बोट बटणावर थांबलं ते थांबलंच. हर्षाने त्याचा हात बाजूला केला आणि बटण स्वतः दाबलं. यंत्रावर बारीक हिरवा दिवा लागला, विझला. बापाला दुसऱ्यांदा कोणी नेलं असेल तर ते आपण, असं तिला वाटलं, आणि हे तिला पुढेही वाटत राहणार होतं.

घरी तिने काही सांगितलं नाही. मंगलीबाईकडे मात्र ती रोज कामावरून आल्यावर जायला लागली. कधी पाणी भरून द्यायची, कधी नुसती बसायची. मंगलीबाई एकदा म्हणाली, “बापाच्या वळणावर गेली पोट्टी.” हर्षाला तिच्या डोळ्यांत बघवलं नाही.

*

शुक्रवारी रुखमाने फोन पायलीला टेकवला. मागे मिठाचा डबा लावला. हर्षाने भाग सुरू करायला बोट पुढे नेलं, आणि भोंगा खरखरला.

वाघाला कोणी सांगितलं नव्हतं की आता खुंटाला काही बांधलेलं नसतं. तो सवयीने आला होता.

रुखमा उठली. केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला, कडीला हात घातला. आणि बाहेरून हर्षा बोलायला लागली. ऐका हो ऐका.

रुखमाचा हात कडीवरच राहिला. घरातली हर्षा चुलीपाशी बसली होती आणि बाहेरची हर्षा सांगत होती, कोणी बाहेर निघू नका, लेकरं घरात घ्या, ढोरं बांधा, दारं लावा हो. आवाज बारीक होता, पण सगळीकडून ऐकू येत होता. रुखमाने मान वळवून पोरीकडे पाहिलं नाही. बोलणं संपल्यावर ती तशीच थांबली. खाकरण्याएवढा वेळ गेला. मग विचारण्याएवढा गेला. मग आणखीही गेला. गावात कुठे एक दार लागलं, आणि कुत्रीही गप्प झाली.

तिने कडी काढली नव्हती. ती दाबून पाहिली, नीट बसली आहे ना.

“लाव तुह्यं,” ती येऊन बसत म्हणाली.

हर्षाने भाग लावला. यानातल्या लोकांनी वेराला पकडलं होतं. कोणी म्हणत होतं, हिला बाहेर फेका. सरपंच नेहमीसारखा सगळ्यांचं ऐकून घेत होता. शेवटी त्यांनी वेराला सोडलं आणि यानातून ऑर्लनचा आवाज पुसून टाकला. नंतर एकदा खरंच भोक पडलं, तेव्हा यान कोणा परक्या बाईच्या आवाजात बोललं. वेरा पाना घेऊन धावली, भोक बुजवलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. भिंतीला तिने कान लावला नाही.

भाग संपला तरी रुखमा पडद्याकडे बघत होती.  आई शिव्या देईल, रडेल, हात उगारेल, काहीही चाललं असतं हर्षाला.

“तिले मारलं नाई ना?” रुखमाने विचारलं.

“नाई. जिती हाये.”

“कामावर हाये का अजून?”

“हाये.”

“बरं.”

हर्षा फोन घेऊन दाराशी गेली. मेसेज येऊन पडायला लागले. कोणी रडका चेहरा टाकला होता, कोणी वेराला फासावर द्यायला हवं होतं म्हणत होतं. आणि त्यात तो नेहमीचा प्रश्न होताच.

“कोण हाये?”

“ग्रुपवाले. तू काय म्हणली इचारते.”

रुखमाने पायली उचलली, आत भाताचा दाणा राहिला होता तो काढून तोंडात टाकला आणि ती धानाच्या कोठीवर पालथी घातली. मग मिठाचा डबा उचलला. तो फळीवर ठेवता ठेवता, पोरीकडे पाठ असतानाच, ती म्हणाली,

“झालं म्हणाव. सांग त्यायले.”

हर्षाने ते तसंच लिहून पाठवलं. ग्रुपवर लगोलग हसरे चेहरे पडायला लागले, एकाखाली एक.